राणीच्या हाराचा खरा रंग

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, नरिमन पॉइंटच्या टोकाशी, आम्ही सहाजण सूर्य बुडण्याची वाट पाहत बसलो होतो. एक निवृत्त बँक कर्मचारी, गिरगावातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, त्यांचा नववीतला विद्यार्थी, एक औषधविक्रेते, छापखान्यातले एक तंत्रज्ञ आणि प्रयोगशाळेत प्रकाशावर काम करणारे प्रस्तुत लेखक. छायाचित्रणाचा छंद सोडला तर आमच्यात समान असे काही नाही. त्या दिवशी प्रत्येकाने एकच दृश्य टिपायचे ठरले होते : कट्ट्याच्या कडेने मलबार हिलपर्यंत वळत गेलेली दिव्यांची रांग, जिला मुंबईकर ‘क्वीन्स नेकलेस’, म्हणजे राणीचा हार म्हणतात.

पुढच्या रविवारी चित्रे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा गंमत झाली. एका चित्रात हार मधासारखा पिवळा होता, दुसऱ्यात जवळजवळ पांढरा, तिसऱ्यात किंचित गुलाबी. एका चित्रात प्रत्येक दिव्याला सहा किरणे फुटली होती, दुसऱ्यात तोच दिवा चौदा किरणांचा. समुद्र काचेसारखा गुळगुळीत, आणि त्या संध्याकाळी माणसांनी फुललेला कट्टा बहुतेक चित्रांत ओस पडलेला. विद्यार्थ्याने सरळ विचारले, “बाई, यातलं खरं कोणतं?” बाईंनी आमच्याकडे पाहिले. त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते जरा नीट द्यावे म्हणून हा लेख.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. शहराचे रात्रीचे छायाचित्र रात्री काढायचे नसते, हे बहुतेकांना पहिल्या वर्षीच्या चुकांमधून कळते. पूर्ण काळोखात दिवे आणि आकाश यांच्या तेजस्वितेत इतके अंतर पडते की एक नीट उमटले तर दुसरे नाहीसे होते. सूर्य क्षितिजाखाली सुमारे ४ ते ८ अंश असतो, तेव्हा आकाश गडद निळे असते आणि दिव्यांशी त्याचा मेळ बसतो. मुंबईच्या अक्षांशावर विषुवदिनाच्या आसपास सूर्य तासाला सुमारे १४ अंश खाली जातो. म्हणजे हे चार अंश ओलांडायला त्याला जेमतेम १७ मिनिटे लागतात. लंडनमध्ये सूर्याचा मार्ग अधिक तिरका असल्याने तिथल्या छायाचित्रकाराला २५ मिनिटे मिळतात. आमच्यापैकी कोणी तेवढ्यात चहाला गेला तर त्या दिवसापुरते त्याचे काम संपले! या वेळच्या निळ्या रंगाचे श्रेय आपण सवयीने हवेच्या रेणूंना देतो. पण सूर्य मावळल्यावर डोक्यावरच्या आकाशाची निळाई मुख्यतः ओझोन वायूमुळे असते. त्या वेळी सूर्यप्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांतून फार लांबचा तिरका प्रवास करतो आणि वाटेत ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. हे १९५३ मध्ये ई. ओ. हलबर्ट यांनी दाखवून दिले.

दहा सेकंदांची बेरीज

आता ओस पडलेल्या कट्ट्याकडे वळू. लख्ख दुपारच्या उन्हात आयएसओ १०० एवढी संवेदनक्षमता ठेवली, तर एफ १६ या छिद्राला शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे ठेवावे लागते. हा जुन्या छायाचित्रकारांचा पाठ नियम आहे. एफचा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. एफ १६ वरून एफ ८ वर आलो की व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून वेळ चौथाई पुरतो : सेकंदाचा चारशेवा भाग. त्या संध्याकाळी एफ ८ लाच आमचे शटर १० सेकंद उघडे होते. दहाला एक चारशांशाने भागा, उत्तर येते ४,०००. दुपारच्या दृश्यापेक्षा ते दृश्य सुमारे चार हजार पट अंधुक होते. आपण मात्र त्याच कट्ट्यावर आरामात गप्पा मारतो, भेळ खातो, सुटे पैसे मोजतो. डोळ्याची ही जुळवून घेण्याची ताकद इतकी सहज आहे की एरवी ती लक्षातही येत नाही.

डोळा जुळवून घेतो, पण प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आलेला प्रकाश तो एकत्र धरतो आणि पुढे जातो. कॅमेरा शटर बंद होईपर्यंत बेरीज करत राहतो. आता समजा, कॅमेऱ्यासमोरून एक माणूस आडवा, सेकंदाला एक मीटर या वेगाने रमतगमत चालला आहे. त्याच्या शरीराची रुंदी अर्धा मीटर धरू. म्हणजे चित्रातला कोणताही एक ठिपका तो फक्त अर्धा सेकंद झाकतो. उरलेले साडेनऊ सेकंद त्या ठिपक्यावर मागच्या भिंतीचा प्रकाश पडतो. एकूण बेरजेत माणसाचा वाटा वीसातला एक, म्हणून तो दिसत नाही. मोटारीही याच न्यायाने नाहीशा होतात, फक्त त्यांचे दिवे पार्श्वभूमीहून कित्येक पट प्रखर असल्याने रेघा ओढून जातात. लाटा वर-खाली होतात, त्यांची सरासरी उमटते आणि समुद्र काचेसारखा दिसतो.

ही गोष्ट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. पॅरिसमध्ये १८३८ साली लुई दागेर यांनी खिडकीतून ‘बुलवार द्यु तांप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्लेट कित्येक मिनिटे उघडी ठेवावी लागली. रस्ता गजबजलेला होता, पण चित्रात घोडागाड्या नाहीत, गर्दी नाही. एका कोपऱ्यात एकच माणूस पाय पुढे करून उभा आहे आणि त्याचे बूट पुसणारा पायाशी वाकला आहे. तेवढा वेळ स्थिर राहिले ते हे दोघेच. ओळखू येण्याजोगी माणसे असलेले हे सर्वात जुने ज्ञात छायाचित्र मानले जाते. त्या दोघांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

आमच्या चित्रांतूनही एक माणूस गळला होता आणि त्याची चुटपुट आम्हा सर्वांना लागली. गळ्यात टोपली आणि तिच्यात निखाऱ्याचे मडके घेतलेला एक शेंगदाणेवाला अर्धा तास आमच्या मागे-पुढे करत होता. ट्रायपॉड पाहून त्याने चौकशी केली, आम्ही त्याच्याकडून सहा पुड्या घेतल्या. “मीपण येणार ना फोटोत?” असे त्याने दोनदा विचारले. आम्ही हो म्हणालो. कॅमेऱ्यांच्या चारही चित्रांत तो कुठेच नव्हता. दोन मोबाइलपैकी विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये तेवढा तो होता, पाय पुसट झालेला.

मोबाइलमध्ये तो कसा राहिला, हे समजून घेण्याजोगे आहे. मोबाइलची ‘नाइट मोड’ एकच लांब चित्र घेत नाही. ती छोटी-छोटी बरीच चित्रे घेते, हात हलल्यामुळे सरकलेली चित्रे एकमेकांवर जुळवते आणि बेरीज करते. प्रत्येक छोट्या चित्रात खऱ्या प्रकाशाबरोबर काही अनियमित चढउतार, म्हणजे ‘गोंगाट’ असतो. सोळा चित्रे मिळवली तर प्रकाश सोळा पट होतो, पण गोंगाट सोळाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे फक्त चार पट वाढतो. चित्र चार पटींनी स्वच्छ होते. हेच गणित खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीच्या चित्रांना लावतात. मोबाइल त्यापुढे जाऊन जिथे हालचाल दिसते तिथली काही चित्रे बेरजेतून वगळतो, म्हणून चालता माणूस थोडाफार वाचतो.

बँकेतले गृहस्थ अजून फिल्म वापरतात. त्यांना दहाऐवजी वीस सेकंद द्यावे लागले. फिल्मवर अगदी मंद प्रकाश फार वेळ पडला तर त्याचा परिणाम हिशेबापेक्षा कमी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात ताऱ्यांची छायाचित्रे मोजताना कार्ल श्वार्झशिल्ड यांनी याचे सूत्र मांडले. होय, कृष्णविवरांच्या संदर्भात ज्यांचे नाव येते तेच हे श्वार्झशिल्ड.

किरणे कोणाची?

सहा आणि चौदा किरणांवरून आमच्यात बराच वाद झाला. छापखान्यातल्या मित्रांचे म्हणणे, किरणे जास्त म्हणजे भिंग भारी. वस्तुतः किरणे दिव्याला फुटत नाहीत, ती भिंगाच्या आत तयार होतात. छिद्र लहान-मोठे करण्यासाठी भिंगात पातळ पाती असतात. छिद्र लहान केले की त्याचा आकार वर्तुळ न राहता बहुभुज होतो. प्रकाश सरळ कडेजवळून जाताना कडेला लंब दिशेत दोन्ही बाजूंना थोडा पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. सहा पाती असतील तर षटकोनाच्या समोरासमोरच्या कडा समांतर असतात, त्यांची किरणे एकमेकांवर पडतात आणि सहाच दिसतात. सात पाती असतील तर कोणत्याही दोन कडा समांतर नसतात, म्हणून सातांची दोन्हीकडची मिळून चौदा. वर्गात हे कागदावर षटकोन आणि सप्तकोन काढून, प्रत्येक बाजूला लंब रेघा ओढून दाखवता येते. मोबाइलचे छिद्र गोल असते, त्यात असा तारा होत नाही. औषधविक्रेत्यांच्या मोबाइलमध्ये मात्र प्रत्येक दिव्याला एक लांब तिरपा पट्टा होता. तो विवर्तनाचा काही खास प्रकार असावा, असे त्यांना वाटत होते. काचेवरचा तेलकट बोटाचा फराटा पुसल्यावर तो गेला.

पांढरे म्हणजे काय

आता मुख्य प्रश्न, रंगाचा. फिल्म दुपारच्या उन्हासाठी बेतलेली असते. उन्हात पांढरा दिसणारा कागद फिल्मवर पांढरा उमटतो. रस्त्यावरच्या पिवळसर दिव्याखाली तोच कागद फिल्मवर पिवळाच येतो, कारण फिल्म जुळवून घेत नाही. म्हणून बँकेतल्या गृहस्थांचा हार मधासारखा पिवळा होता. डिजिटल कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे मोजतो, मग ‘या दृश्यात पांढरे काय असावे’ याचा अंदाज बांधून त्या तीन आकड्यांना वेगवेगळ्या संख्यांनी गुणतो. आमच्या कॅमेऱ्याचा अंदाज एक, बाईंच्या कॅमेऱ्याचा दुसरा, म्हणून एक हार पांढरा आणि एक गुलाबी. आपला मेंदूही असाच गुणाकार करतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली वही पांढरीच दिसते ती त्यामुळे.

म्हणजे सगळी चित्रे सारखीच खरी, असे म्हणावे का? विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी साधारण असेच सांगितले आणि तिथेच चुकलो. गुणाकाराला एक मर्यादा आहे. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच येते.

बँकेतल्या गृहस्थांकडे १९९० च्या दशकातल्या मुंबईच्या रात्रीच्या स्लाइड्स आहेत. तेव्हाचे रस्त्यावरचे पिवळे दिवे म्हणजे उच्च दाबाची सोडियमची बाष्पे असलेले दिवे. त्यांचा बहुतेक प्रकाश पिवळ्या-नारिंगी भागात असतो, निळा जवळजवळ नसतो. या स्लाइड्स आम्ही संगणकावर घेऊन ‘दुरुस्त’ करायचा प्रयत्न केला. निळ्याचा आकडा कितीही वाढवला तरी निळी गाडी काळीच राहिली, वर चित्रात दाणेदार कचरा तेवढा वाढला. टॅक्सीचे पिवळे छत आणि शेजारची पांढरी गाडी यांतला फरकही परत आला नाही. वस्तू स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकीच काही परत पाठवते. जो रंग दिव्यातून निघालाच नाही, तो गाडीवरून परत कसा येणार?

हे शाळेत दाखवणे सोपे आहे. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर मीठ टाकून (हे शिक्षकांनीच करावे) अंधाऱ्या खोलीत त्या पिवळ्या ज्योतीच्या उजेडात रंगीत खडू पाहा. ज्योतीतल्या सोडियमचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच असतो. सगळे खडू कमी-अधिक पिवळट-करडे दिसतात. मग एकदम बॅटरी लावा. मुलांच्या तोंडून निघणारा आवाज ऐकण्यासारखा असतो.

मरीन ड्राइव्हवर या प्रश्नाने २०१५ मध्ये जाहीर वादाचे रूप घेतले. त्या वर्षी तिथले पिवळे सोडियम दिवे जाऊन वीज वाचवणारे पांढरे एलईडी आले. हाराचे सोने गेले, अशी मोठी ओरड झाली. पुढे पिवळसर प्रकाश परत आणला गेला. त्या वादात बहुतेकांचे बोलणे ‘पिवळे की पांढरे’ इतकेच होते. पण पिवळे आणि पिवळे यांतही फरक असतो आणि तो डोळ्याला कळत नाही.

तो पाहण्यासाठी आम्ही प्रकाशाची जाळी वापरली. शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिलिमीटरला ५०० रेघा असलेली पारदर्शक जाळी स्वस्तात मिळते. ती कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या भिंगापुढे धरली की दिव्याच्या बाजूला त्याचा वर्णपट उमटतो. प्रयोगशाळेत यासाठी आधी अरुंद फट लावावी लागते. रात्री लांबचा एकटा दिवा स्वतःच ठिपक्यासारखा असतो, त्यामुळे फटीची गरज नाही. संपूर्ण हारावर मात्र हे जमत नाही, कारण एकाचा वर्णपट दुसऱ्यावर पडतो. म्हणून आम्ही गिरगावातल्या एका आवारात शिल्लक असलेला जुना सोडियम दिवा आणि पलीकडच्या दुकानावरचा पिवळसर एलईडी निवडला. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखे पिवळे. जाळीतून पाहिल्यावर सोडियमच्या पट्ट्यात पिवळ्या-नारिंगी भागात झगझगीत रुंद पट्टा होता आणि नेमक्या ५८९ नॅनोमीटरच्या जागी काळी चीर. दिव्याच्या मध्यभागाच्या तप्त सोडियमने दिलेला तो प्रकाश बाहेरच्या थंड सोडियमने शोषलेला असतो. निळ्या भागात एक-दोन पुसट रेषांपलीकडे काही नाही. एलईडीच्या पट्ट्यात हिरव्यापासून तांबड्यापर्यंत अखंड प्रकाश होता आणि वेगळा, बुटका निळा ठिपका ४५० नॅनोमीटरच्या आसपास. पिवळसर एलईडीच्या पोटातही निळाच एलईडी असतो, ज्याच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्या प्रकाशाचा बराचसा भाग वरचे फॉस्फरचे लेपन पिवळा-तांबडा करते. लेपन जाड केले की दिवा पिवळसर होतो, पातळ केले की निळसर पांढरा.

जाळी नसेल तरी एक प्रयोग करता येतो. शटर सेकंदाचा चौथा भाग उघडे राहील असे ठेवून कॅमेरा आडवा झपकन फिरवा. सोडियम दिवा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो, त्यामुळे त्याची रेघ सुमारे २५ मण्यांची माळ होऊन उमटते. चांगल्या एलईडीची रेघ अखंड येते.

निळ्याचा हा बुटका ठिपका आकाशाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ५९० भागिले ४५० म्हणजे सुमारे १.३, त्याचा चौथा घात साधारण ३. सोडियमच्या पिवळ्यापेक्षा निळा प्रकाश हवेत तिप्पट विखुरतो. मुंबईच्या दमट, धुळकट हवेत थेंब आणि कणच जास्त विखुरतात आणि त्यांना रंगाची एवढी आवड-निवड नसते, हेही खरे. पण कोरड्या, स्वच्छ हवेच्या गावी निळसर पांढऱ्या दिव्यांची चूक महाग पडते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तिथे दिव्यांच्या रंगाला आणि त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्याला महत्त्व आहे ते यामुळेच. सोने परत आले, हे मुंबईकरांना पुरेसे वाटले. आम्हाला दिव्याखालच्या माणसाचा शर्ट नीट दिसावा आणि वरचे तारेही दिसावेत असे वाटते. थोडक्या निळ्याचा, खाली वळवलेला पिवळसर एलईडी त्यातल्या त्यात जवळ जातो.

विद्यार्थ्याला आता आम्ही असे सांगतो : हार पिवळा की पांढरा, हे चित्र पाहून भांडण्यात अर्थ नाही, तो गुणाकार आहे. दिव्यातून कोणते रंग निघाले, हे मात्र मोजता येते, आणि जे निघालेच नाहीत ते कोणताच कॅमेरा परत आणू शकत नाही.

शेंगदाणेवाल्याचे तसे नव्हते. त्याच्याकडे पुन्हा जाता येत होते. मार्चमध्ये आम्ही गेलो, त्याला कट्ट्यावर दिव्याखाली बसवले आणि म्हटले, आठ सेकंद अजिबात हलायचे नाही. त्याने श्वासही रोखून धरला. छापखान्यातल्या मित्रांनी चित्र मोठे करून दिले आणि पंधरा दिवसांनी आम्ही ते त्याला नेऊन दिले. टोपली, मडक्यातला लाल निखारा, शेंगदाण्यांची तांबूस साले, सगळे स्पष्ट आले होते. चेहरा मात्र दोनदा उमटला होता, एकदा समोर आणि एकदा पुसट, डावीकडे वळलेला.

“टोपली झकास आली,” तो म्हणाला. मग चित्र जरा लांब धरून पाहिले. “माझं तोंड हललंय. पण काय करणार, गिऱ्हाईकानं हाक मारली ना.”